आधी बल्ब, मग रिसीव्हर

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला स्टीरिओ रिसीव्हर खाली उतरला, की घरातला प्रत्येक जण प्लग लावायला धावतो. खरं तर ते काम सगळ्यात शेवटचं. जुन्या नाशकात आमच्या नात्यातल्या एकांचा वाडा रिकामा करताना असा एक जपानी रिसीव्हर निघाला. कुवेतहून आलेला, दोन्ही बाजूंना लाकूड, पुढे चंदेरी पट्टी, आणि वजन असं की उचलताना आधी कंबरेचा विचार करावा. घरच्यांचा निकाल तयार होता: "तो गेलाय. आवाजच येत नाही."

रिसीव्हर म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकाच डब्यात. सत्तरच्या दशकात पायोनियर, सान्सुई, मरांट्झ, केनवूड यांच्यात वॉटची चढाओढ लागली होती. पायोनियरचा एसएक्स-1980 हा 1978 सालचा रिसीव्हर तर एका चॅनेलला 270 वॉट द्यायचा. आपल्याकडे हा माल बहुधा आखातातल्या मामा-काकांच्या सामानातून यायचा. येताना एफएमची लांबलचक पट्टीही घेऊन यायचा, आणि इथे त्या पट्टीवर पकडायला काहीच नसायचं. देशातलं पहिलं एफएम प्रक्षेपण 23 जुलै 1977 ला मद्रासला झालं. नाशिकपर्यंत ते यायला बराच काळ गेला. तोवर लोकांनी यावर कॅसेटच ऐकल्या.

पहिलं काम मागच्या बाजूला. व्होल्टेज सिलेक्टर कुठे आहे आणि कशावर आहे, ते बघायचं. आखातात विकलेल्या सेटवर 110 पासून 240 पर्यंतचे आकडे असतात. आपल्याकडे कागदोपत्री 230 असले तरी मीटर अनेकदा त्याच्या वरच बोलतो, म्हणून मी 240 वर ठेवतो. सेट अमेरिकेतून आला असेल तर तो 120 चा आणि खास जपानी बाजारातला असेल तर 100 चा. त्यांना स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरच हवा. जपानी बाजारातल्या सेटची आणखी एक अडचण आहे. तिथला जुना एफएम पट्टा 76 ते 90 मेगाहर्ट्झचा. आकाशवाणी नाशिक 101.4 वर. काटा तिथे पोचतच नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळाला म्हणून उड्या मारणाऱ्यांनी आधी डायलवरचे आकडे वाचावेत.

मग झाकण उघडायचं, अर्थात प्लगशिवाय. आत जाळी, धूळ, पालीची अंडी. मऊ ब्रशने आणि ब्लोअरने सगळं साफ करायचं, पण मोठ्या फिल्टर कंडेन्सरांपासून बोटं लांब; बंद सेटमध्येही त्यांच्यात चार्ज उरलेला असू शकतो. एखाद्याचं डोकं फुगलंय का, बुडाशी काही पाझरलंय का, हे टॉर्च मारून पाहायचं. फ्यूज बघायचा. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली, तर सेट सरळ जाणत्या मेकॅनिककडे न्यायचा. इथे सुदैवाने फ्यूज कंपनीचाच होता.

आता सिरीज बोर्ड. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: लाकडी पाटी, एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या वाटेत 60 किंवा 100 वॉटचा बल्ब. बल्ब तारेचाच लागतो, एलईडी चालत नाही, आणि तारेचा बल्ब मागितला की दुकानदार आपल्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो. रिसीव्हर या सॉकेटमधून चालू करायचा. बल्ब क्षणभर भगभगून मंदावला तर कंडेन्सर भरले आणि आत शॉर्ट नाही. तसाच प्रखर पेटत राहिला तर लगेच बंद. सरळ प्लग लावला असता तर याच प्रसंगी ट्रान्झिस्टर जळाले असते. बल्ब ती झळ स्वतःवर घेतो. आमचा बल्ब लख्ख पेटला आणि हळूहळू नुसती तांबडी तार उरली. डायलचे दिवे मिणमिणले. काही सेकंदांनी आतून 'टक्' झालं: स्पीकर जोडणारा रिले.

तरी स्पीकर लगेच लावायचे नाहीत. बल्ब काढून सेट थेट विजेवर घेतला, की मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवरचा डीसी मोजायचा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. शंभरच्या वर गेला तर स्पीकर लावायचेच नाहीत.

स्पीकर 8 ओमचे घ्यावेत. ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम लावल्या की बहुतेक सेटवर भार 4 ओम होतो, सेट तापतो. वायरची टोकं नीट पिळायची. शेजारच्या टर्मिनलला टेकलेला एक केसासारखा धागाही आउटपुट ट्रान्झिस्टर उडवायला पुरतो. लाल-काळं दोन्हीकडे सारखं. स्पीकरवर खूण नसेल तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन बाहेर आला की सेलची धन बाजू ज्या टोकाला, ते लाल. एक स्पीकर उलटा राहिला तर तबला पोकळ वाजतो आणि गायक खोलीत कुठे बसलाय तेच कळत नाही.

एवढं करूनही आवाज नाही! पुढच्या पट्टीवर टेप मॉनिटरचं बटण आत दाबलेलं होतं. ते आत असलं की सेट फक्त टेप डेककडून आवाज मागतो, आणि डेक घरातून केव्हाच गेलेला. बटण बाहेर घेतलं, खरखर सुरू झाली. म्हणजे जीव होता. सेट पुन्हा बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक फवारणी व्हॉल्यूम, बॅलन्स आणि सगळ्या स्विचांत केली आणि प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा फिरवला. गंजलेल्या बिजागरीचा स्प्रे इथे मारायचा नाही. आणि गँगवर, म्हणजे स्टेशन लावायच्या त्या पापुद्र्यांच्या कंडेन्सरवर, काहीच मारायचं नाही, ट्यूनिंग बिघडतं.

रेकॉर्ड प्लेअर असेल तर तो फोनो सॉकेटमध्येच, आणि त्याची वेगळी अर्थची वायर मागच्या जीएनडी स्क्रूला. नाहीतर घुंऽऽ थांबत नाही. मोबाइल, सीडी वगैरे ऑक्समध्ये.

पण मला विचाराल तर अशा सेटला ब्लूटूथ लावून मोकळं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे. हा मुळात रेडिओ आहे. टीव्हीच्या जुन्या अँटेनाची चपटी वायर जवळपास एक मीटर चाळीस सेंटिमीटर कापली, दोन्ही टोकं सोलून आतल्या दोन तारा एकमेकींना जोडल्या, मधोमध एकच तार तोडून तिथून दुसरा तुकडा खाली आणला. हा इंग्रजी टीच्या आकाराचा अँटेना 300 ओमच्या दोन स्क्रूंना लावून भिंतीवर आडवा ताणला. जड चाकाचा नॉब बोटाने ढकलला की काटा आपोआप घसरत जातो, 98.3 ला मिर्ची, पुढे 101.4 ला आकाशवाणी. प्रक्षेपणात 19 किलोहर्ट्झचा पायलट सूर मिळाला की 'स्टीरिओ'चा दिवा लागतो. मीडियम वेव्हचं मात्र आता खरं नाही. मुंबईची 558 किलोहर्ट्झची अस्मिता वाहिनी नाशिकच्या घरांत ऐकली जायची. आज एलईडी, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या गोंगाटात तिथे काही शोधणं म्हणजे चिकाटीची परीक्षा.

शेवटचं, जागेचं. वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते, त्यामुळे काचेचं बंद शोकेस नको आणि वर क्रोशाचा रुमाल तर मुळीच नको. महिन्यातून दोनदा तरी तासभर वाजवा. पावसाळ्यात जास्त, कारण ओलीने स्विच पुन्हा काळे पडतात. तुमच्या माळ्यावर असा एखादा 'गेलेला' डबा असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टेप मॉनिटरचं बटण बघा. आणि प्लगला हात लावण्याआधी सिरीज बोर्ड करून घ्या.