मांजरीचे ताट

आपल्याकडे मांजर पाळतात म्हणजे काय करतात? सकाळी धारा काढल्या की वाटीभर दूध तिच्यापुढे ठेवायचे, रात्री उरलीसुरली पोळी दुधात कुस्करायची, आणि बाकीचे तिचे ती पाहून घेईल म्हणायचे. काटोलकडच्या एका आजींनी मला विचारले, "डॉक्टर, आमच्या मनीले रोज दूध-पोळी देतो, पोट भरून खाते. तरी अंधार पडला का खांबाले धडकते. तिले काय झालं जी?"

मनी काही म्हातारी नव्हती. झाले होते ते एवढेच, की घरातले धान्य कणगीतून पत्र्याच्या कोठीत गेले आणि उंदीर कमी झाले. पूर्वी दूध-पोळी हे मनीचे वरचे खाणे होते. तेच आता पूर्ण जेवण झाले. आजींच्या मायेत काही उणे नव्हते. उणे होते ताटात.

मांजर ही वाघाच्या कुळातली. कुत्रा माणसाच्या दारात राहून भाकरी पचवायला शिकला. मांजर हजारो वर्षे आपल्या घरात राहूनही ते शिकली नाही. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व तयार करतो, मांजरीला ते जमत नाही. तिला ते कलेजीतून तयारच मिळावे लागते. दुसरी वस्तू टॉरिन. हे द्रव्य मांसात असते, धान्यात नसते, गाईच्या दुधात अगदी थोडे असते, आणि मांजरीचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. टॉरिन नसलेल्या आहारावर मांजरीच्या डोळ्यांचा पडदा झिजतो हे १९७५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९८७ साली आणखी कळले, की त्याच्याच कमतरतेने मांजरीचे हृदय सैल पडून फुगते. ही मांजरे तर डबाबंद खाद्य खाणारी होती. त्यानंतर कारखानदार खाद्यात टॉरिन वाढवून घालू लागले.

आणि दुधाचे म्हणाल, तर मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरींना दुधातली साखर पचत नाही. त्यांना ढाळ लागते. आपण म्हणतो, "काहीतरी बाहेर खाऊन आली."

मग द्यावे तरी काय? तर उंदराकडे पाहावे. उंदीर म्हणजे नुसते मांस नव्हे. त्यात हाडे आली, रक्त आले, काळीज आले, हृदय आले. मांजर हे सगळे खाते म्हणून तिचे भागते. दिवसाला असे आठ-दहा लहान उंदीर मिळाले तर तिला दुसरे काही लागत नाही.

हे ऐकून काही हौशी मंडळी उलट टोकाला जातात. खाटकाकडून बिनहाडाचे मांस आणतात आणि तेवढेच देतात. यात मोठा धोका आहे. नुसत्या मांसात स्फुरद भरपूर, चुना जवळजवळ नाहीच. रक्तातला चुना टिकवण्यासाठी शरीर तो स्वतःच्या हाडांतून काढू लागते. वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात, आणि ओट्यावरून उडी मारली तरी हाड मोडते. कोणी रोज कलेजीच घालतात, कारण ती स्वस्त आणि मांजरीला प्रिय. पण 'अ' जीवनसत्त्व अती झाले की मानेचे मणके एकमेकांना जुळून जातात. भंडारा-गोंदियाकडे तलावांचा मुलूख, तिथे मासोळीला तोटा नाही. परंतु काही जातींची कच्ची मासोळी रोज दिली तर 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. मांजर मान खाली टाकते, तिला झटके येतात. शिजवलेल्या मासोळीत हा दोष राहत नाही.

आता कच्चे की शिजवलेले, हा खरा वादाचा मुद्दा. कच्चेच नैसर्गिक, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. पण आपल्या भागात काय घडले ते ऐका. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले, कोंबड्यांचा तापरोग, ज्याला आपण बर्ड फ्लू म्हणतो. रोगट कोंबडीच्या मांसातून तो आला असावा असा संशय घेतला गेला. महिना-दीड महिना गेला नाही तोच सावनेर-सौसरच्या पुढे छिंदवाड्यात घरच्या मांजरींमध्ये तोच रोग सापडला. तिथला कोंबडीबाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. जंगलच्या वाघाला जे सोसले नाही, ते चुलीजवळच्या मांजरीला काय सोसणार? शिवाय तिला कुशीत घेऊन लेकरे झोपतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: शिजवूनच द्या.

मात्र शिजवताना दोन गोष्टी हातच्या जातात. टॉरिन पाण्यात उतरते. तेव्हा पाणी थोडेच घालावे आणि ते फेकून न देता मांसातच मुरवावे. दुसरे हाड. शिजलेले हाड टोकदार फुटते, घशात किंवा आतड्यात रुतते. ते देऊच नये. त्याच्या जागी अंड्याचे टरफल वापरावे. टरफले उकळून, वाळवून, पिठासारखी बारीक दळून ठेवावीत.

एक किलोचा हिशेब असा. कोंबडीच्या मांडीचे बिनहाडाचे मांस ८०० ग्रॅम, कोंबडीची हृदये १०० ग्रॅम, कलेजी ५० ग्रॅम आणि एक अंडे. सगळे नीट शिजवून, कोमट झाल्यावर टरफलाचे पीठ सपाट एक लहान चमचा मिसळावे. हळद-तिखट नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तीन किलोच्या मांजरीला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास पुरते, तेही दोन-तीन वेळा मिळून. फ्रीज नसेल त्यांनी घरी कोंबडी होईल त्या दिवशी मसाला घालण्याआधी तिचा वाटा बाजूला काढावा.

एवढ्यानेही ताट पुरे भरत नाही, हे सांगितलेच पाहिजे. आयोडीन, 'ई' आणि 'ब-१' यांची तूट राहते. बाहेर शिकार करणारी मांजर ती थोडीफार भरून काढते. चोवीस तास घरात असणारीला टॉरिनची पूड आणि जीवनसत्त्वे वरून द्यावी लागतात; किती, ते पशुवैद्यकाने तिचे वजन पाहून ठरवायचे.

शाकाहारी घरांतून, विशेषतः शिक्षक मंडळींकडून, नेहमी प्रश्न येतो: "आमच्याकडे मांस चालत नाही, अंडी देऊ का?" अंडे उत्तम, पण टॉरिन त्यात नाहीच म्हणा. अशा घरी टॉरिन घातलेले तयार मांजरखाद्य आणावे, त्यात कमीपणा काही नाही. मांजरीला वरण-भातावर ठेवणे मात्र धर्म नव्हे.

जेवण बदलायचे ते आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवे मिसळत. "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोट रिकामे राहिले तर मांजरीच्या यकृतात चरबी साठते, आणि ती त्यातून उठेल याचा भरवसा नाही.

आजींच्या मनीला हेच ताट सुरू केले, टॉरिनच्या पुडीसह. गेलेली नजर परत येत नाही, हे आजींना आधीच सांगितले होते, उरलेली टिकली. आता ती घरात बेताने पण न धडकता फिरते. खाट तेवढी जागची हलवायची नाही, असा आजींचा घरात सर्वांना हुकूम आहे.