चोविसावे घर

माझ्या टेबलावर सध्या एक जुना सीबी रेडिओ उघडून ठेवला आहे. अमेरिकेत बरीच वर्षे काढून परतलेल्या एका स्नेह्यांनी तो आणून दिला. ‘चॅनेल तेवीसच आहेत. थोडे वाढवता येतील का? आणि आवाज जरा लांब जाईल का?’ असे त्यांनी विचारले. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. अमेरिकेत 1958 साली 27 मेगाहर्ट्झवर तो खुला झाला. 1973 च्या तेलटंचाईत ट्रकचालकांनी त्याला डोक्यावर घेतले. डिझेल कुठे मिळते, पोलीस कुठे उभे आहेत, हे ते एकमेकांना सांगू लागले. गर्दी इतकी वाढली की 1 जानेवारी 1977 पासून 23 चॅनेलचे 40 झाले. जुने सेट मागे पडले आणि त्यांचे चॅनेल वाढवण्याची खटपट सुरू झाली.

या सेटमध्ये बहुधा 14 क्रिस्टल असतात. सहा क्रिस्टल 50 किलोहर्ट्झच्या अंतराने सहा गट पाडतात. प्रत्येक गटात 0, 10, 20 आणि 40 किलोहर्ट्झच्या पायऱ्या असतात. त्यासाठी चार क्रिस्टल बोलायला आणि चार ऐकायला. तिसावी पायरी सोडलेली, कारण ती जागा दूरनियंत्रणासाठी राखीव. सहा चोक चोवीस. मग चॅनेल तेवीसच कसे? कारण 22 आणि 23 यांच्यामधले घर रिकामे ठेवले होते. त्याची कंप्रता 27.235 मेगाहर्ट्झ. 1977 मध्ये तिलाच 24 क्रमांक मिळाला. म्हणूनच चॅनेल 24 आजही 23 च्या खाली येते! निवडबटणावरचे हे रिकामे घर जोडले की एक चॅनेल वाढते. सहापैकी एक क्रिस्टल बदलला तर चार नवे मिळतात, पण चार जुने जातात.

आता आवाजाचे. कायदेशीर शक्ती 4 वॅट. ती चौपट करून 16 वॅट केली, तरी ऐकणाऱ्याच्या मीटरचा काटा जेमतेम एक घर चढतो. उलट मर्यादा घालणारा भाग कापला, तर आवाज फाटून शेजारच्या चॅनेलवर सांडतो. चॅनेल 9 संकटातल्या हाकेसाठी राखलेले आहे; आपल्या गोंगाटात कुणाची तरी हाक बुडू शकते. खरा लाभ होतो तो सुकलेले कपॅसिटर बदलून, सेट नीट जुळवून आणि अँटेना सुधारून. पाव तरंगलांबीची अँटेना सुमारे 2.7 मीटर लांब असते. एसडब्ल्यूआर मीटर लावून ती बसवावी.

तरीही माझा सोल्डरिंगचा हात थांबला. अमेरिकेतले नियम वापरणाऱ्याला सेटच्या आतल्या फेरफारांची मनाई करतात. आपल्याकडे 2005 च्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झमध्ये विनापरवाना मुभा दिली, पण ती 5 वॅटपर्यंतच्या, अँटेना अंगचीच असलेल्या उपकरणांना. हा मोटारीतला सेट त्यात बसत नाही.

मग मार्ग कोणता? हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि हाच सेट क्रिस्टल बदलून 28 मेगाहर्ट्झच्या हौशी पट्ट्यात न्यायचा. अमेरिकेतल्या अनेक परवानाधारक हौशींनी तेच केले. स्नेह्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते थोडे हिरमुसले. मग हळूच म्हणाले, ‘परीक्षेचे पुस्तक आहे का तुमच्याकडे?’

सेट अजून उघडाच आहे. पुस्तक मात्र त्यांच्या घरी गेले आहे.