खाऱ्या मातीतला कापूस आणि त्याचे रानटी भाऊबंद

आम्ही कापडवाले सुताचा नंबर पाहतो, पोत पाहतो आणि भाव बोलतो. कापूस कोणत्या मातीत पिकला, हे सहसा विचारत नाही. वास्तविक नफा-नुकसानीचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. विहिरींचे पाणी खारे, जमिनीत सोडियम जास्त. शेती बहुतांशी पावसावर, आणि त्यात कापूस महत्त्वाचा. मिठाला तोंड देण्यात कापूस इतर पिकांपेक्षा खंबीर आहे. मातीची क्षारता ३ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की भाताचे उत्पन्न घटू लागते. कापूस सुमारे ७.७ पर्यंत टिकतो.

मात्र सरकी रुजताना आणि रोप कोवळे असताना तोही नाजूकच. मिठाचा मार दुहेरी असतो. आधी मुळांना पाणी ओढणे जड जाते. मग सोडियम पानांत साठून पोटॅशियमची जागा घेतो आणि पाने करपतात. बोंडे कमी लागतात, धाग्याची लांबी व मजबुतीही घटू शकते. कमजोर सूत मागावर तुटते आणि त्याची झळ कारागिराच्या मजुरीला बसते.

कापसाच्या सुमारे ५० प्रजातींपैकी लागवडीत चारच आहेत. बाकीच्या रानटी. हवाई बेटांच्या कोरड्या किनाऱ्यावरचा टोमेंटोसम, गॅलापागोस बेटांवरचा डार्विनाय, मेक्सिकोतला डेव्हिडसोनाय हे मीठ सोसण्यासाठी अभ्यासले जातात. मीठ सोसणारे झाड सोडियमला मुळाशीच अडवते किंवा पेशीतल्या वेगळ्या कप्प्यात कोंडते. त्यामुळे पानातले पोटॅशियम टिकते.

टोमेंटोसमचा तंतू आखूड व तपकिरी. बाजारात त्याला कोणी हात लावणार नाही. पण त्याचा आपल्या अमेरिकन कापसाशी संकर होतो. त्याच्या पानांवर मधुग्रंथी नसतात. हा गुण संकरातून लागवडीच्या कापसात आणला गेला आहे. मिठाचे काम अधिक अवघड, कारण तो गुण अनेक जनुकांवर अवलंबून असतो. शिवाय संकरात आखूड तंतूही मागोमाग येतो. तो काढून टाकायला अनेक पिढ्या लागतात.

नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिच्या संग्रहात रानटी प्रजातीही जतन केल्या आहेत. ज्या झाडाची रुई विकली जात नाही त्यावर खर्च कशाला, असे व्यापारी बांधवांना वाटेल. पण जमीन खारी होत गेली तर बियाण्याचा इलाज याच साठ्यात शोधावा लागेल. आम्ही त्याला खर्च म्हणत नाही, भांडवल म्हणतो.