वाचन आणि गणित, दोन्हीत मागे पडणारे मूल

सहामाही परीक्षेची प्रगतिपुस्तके घरी आली, की काही घरांत शांतता पसरते. मराठीचे वाचन अडखळते आणि गणिताच्या पानावरही लाल फुल्या. मग ठरलेले शब्द कानांवर येतात: ‘आळशी आहे’, ‘लक्ष नसते’. असा निष्कर्ष काढण्याआधी पालकांनी थोडे थांबावे, अशी आमची विनंती आहे.

वाचन आणि गणित हे वरवर वेगळे विषय वाटतात. परंतु लहान वयात त्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली असतात. दोहोंसाठी मुलाला ऐकलेला ध्वनी आणि पाहिलेली खूण यांची सांगड घालावी लागते, ती क्रमाने लक्षात ठेवावी लागते आणि हवी तेव्हा चटकन आठवावी लागते. ही सांगड सैल असली, तर दोन्ही विषयांत अडचण येते. त्याचा बुद्धिमत्तेशी संबंध असतोच असे नाही.

आपल्या मराठीचेच उदाहरण घ्या. ‘कि’ लिहिताना वेलांटी अक्षराच्या आधी येते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो, लिहिताना मात्र २ आधी येतो. म्हणूनच एखादे मूल २५ ऐवजी ५२ लिहिते. ‘एकोणचाळीस’ या शब्दात चाळीस ऐकू येतात, पण संख्या तिशीतली असते! घ आणि ध, भ आणि म यांत गल्लत होते. ३ आणि ६ तर एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे भासतात. २०१९ साली बालभारतीने इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वेळी गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. पद्धतीविषयी मतभेद असू शकतात. मुलांची अडचण मात्र खरी आहे. त्यात घरी सामवेदी किंवा वाडवळी, पुस्तकात प्रमाण मराठी आणि शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर मुलावरील भार आणखी वाढतो.

नेमके कुठे अडते?

मदतीची पहिली पायरी म्हणजे अडचण शोधणे. शाब्दिक उदाहरण मुलाला स्वतः वाचू द्या. ते सुटले नाही, तर तेच उदाहरण तुम्ही सावकाश वाचून दाखवा. आता उत्तर आले, तर अडसर बहुधा वाचनाचा आहे. तरीही आले नाही, तर चिंचोके समोर ठेवा. चिंचोक्यांनी जमले, पण वहीवर जमत नसेल, तर अंकचिन्हांची ओळख पक्की नाही. चिंचोक्यांनीही जमत नसेल, तर ‘किती’ ही कल्पनाच अजून रुजायची आहे. प्रत्येक ठिकाणी उपाय वेगळा असतो. सर्वांना एकच शिकवणी लावून भागत नाही.

घरी काय करावे?

रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, मात्र ती रोज हवीत. इयत्ता कोणतीही असो, मूल जिथे आहे तिथूनच सुरुवात करावी. ‘कमळ’ हा शब्द आधी तोंडी फोडून घ्यावा: क, म, ळ, मग अक्षरे दाखवावीत. वाळूत किंवा तांदळात बोटाने अक्षर गिरवू द्यावे. दहा काड्यांचे गठ्ठे बांधावेत; दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या हाती धरल्या, की २५ मधील २ चा अर्थ उमगतो. एकत्र मोठ्याने वाचावे, सापशिडी खेळावी, बाजारात सुटे पैसे मोजू द्यावेत. दहा-दहा वेळा लिहिण्याची शिक्षा, भावंडांशी तुलना आणि खेळ बंद करणे हे मात्र कटाक्षाने टाळावे.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे?

प्रथम डोळे आणि कान तपासून घ्यावेत. काही महिने नियमित मदत करूनही प्रगती दिसत नसेल, तर वर्गशिक्षकांशी बोलून बालरोगतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांचा सल्ला घ्यावा. अध्ययन अक्षमतेचे औपचारिक निदान साधारणतः आठव्या वर्षाच्या सुमारास होते. पण मदतीसाठी तोवर थांबू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये वाचन, लेखन व गणितातील अशा विशिष्ट अक्षमतांचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळाल्यास राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्यासाठी अर्ज करण्यात कोणताही कमीपणा नाही.

शेवटी एक गोष्ट आपल्या धर्मग्रामांसाठी. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात अडखळणाऱ्या मुलाला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. त्याचा उतारा आधी घरी द्यावा, किंवा त्याला गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावी. चारचौघांत झालेले हसे मूल विसरत नाही; आणि लाज वाटू लागलेले मूल पुस्तक उघडायचेच टाळते. ते पुस्तक त्याच्यापुढे उघडे राहावे, ही जबाबदारी आपणा सर्वांची आहे.