कॅल्शियमच्या गोळीतले गणित

स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला आणि वेळीच पुसला नाही, तर तिथे फिकट डाग उरतो. कितीही घासला तरी तो जात नाही, कारण रसातल्या आम्लाने फरशीचा वरचा थरच खाल्लेला असतो. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक आणि चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. डॉक्टर लिहून देतात त्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांतही हाच पदार्थ असतो. पोटात त्याची गाठ जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी पडते. ती क्रिया अशी :

कॅल्शियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

आम्लामागचा तो '२' शाळेत अनेकांनी नुसता पाठ केला असेल. तो येतो कुठून? कॅल्शियमच्या एका अणूला क्लोरिनचे दोन अणू लागतात, पण आम्लाच्या एका रेणूत क्लोरिनचा अणू एकच असतो. रासायनिक क्रियेत अणू नव्याने तयार होत नाहीत आणि नाहीसेही होत नाहीत. म्हणून आम्लाचे दोन रेणू घ्यावे लागतात. त्यातून हायड्रोजनचे दोन अणू येतात, ते पाण्यात जातात. कार्बोनेटमधल्या ऑक्सिजनच्या तीन अणूंपैकी एक पाण्यात, दोन कार्बन डायऑक्साइडमध्ये. दोन्ही बाजू जुळल्या, की समीकरण संतुलित झाले.

आता वजने पाहू. कॅल्शियमचे ४०, कार्बनचे १२ आणि ऑक्सिजनचे तीनदा १६, असे मिळून १००. म्हणजे १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम फक्त ४० ग्रॅम. गोळीच्या पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' असे छापलेले असले, तरी प्रत्यक्ष कॅल्शियम मिळते ५०० मिलिग्रॅम. पाकिटावर तो आकडा 'एलिमेंटल कॅल्शियम' म्हणून दिलेला असतो. प्रौढांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये सांगितलेली दिवसाची १००० मिलिग्रॅमची गरज याच आकड्याशी ताडून पाहायची, आणि दूध, दही, नाचणी, तीळ यांतून मिळणारे कॅल्शियमही त्यात धरायचे.

समीकरण आणखी एक गोष्ट सांगते. डावीकडे आम्ल नसेल, तर क्रिया पुढे सरकत नाही. कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते विरघळते आम्लात. जेवताना जठरात आम्ल जास्त पाझरते, म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यायची. अनेक जण सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी घेतात आणि तिच्या पाठोपाठच कॅल्शियमची. पहिली गोळी आम्ल कमी करते, मग दुसरी विरघळणार कशी? आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ चालू असतील, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. अशा वेळी ते कॅल्शियम सायट्रेट सुचवू शकतात. त्याला विरघळायला आम्लाची तितकी गरज नसते. मात्र सायट्रेटमध्ये कॅल्शियम साधारण २१ टक्केच असते, म्हणून तिथेही पाकिटावरचा 'एलिमेंटल' आकडाच पाहायचा.

गोळीनंतर ढेकर येतात, पोट फुगते, त्याचेही उत्तर उजव्या बाजूला आहे. १२५० मिलिग्रॅमची गोळी पूर्ण विरघळली, तर साधारण ३०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

लोहाच्या गोळीबरोबर कॅल्शियम घेऊ नये. दोन तासांचे अंतर ठेवावे. थायरॉइडच्या गोळीपासून ते चार तासांचे असावे. मूतखड्याचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर स्वतःच्या मनाने ही गोळी सुरूच करू नये. घरात कॅल्शियमचे पाकीट असेल, तर आज ते उलटून पाहा : कार्बोनेट किती आणि कॅल्शियम किती?