जठरातील जंतू आणि कर्करोग

“ॲसिडिटी जुनीच आहे डॉक्टर, तेवढी गोळी लिहून द्या,” असे म्हणणारे सत्तरीचे गृहस्थ माझ्या दवाखान्यात नेहमी येतात. गोळीने जळजळ शमते. ती कशामुळे होते, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आपल्या शरीरात असंख्य सूक्ष्मजीव नांदतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपकारक. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठराच्या अस्तरावर राहणारा जंतू तसा नाही. तीव्र आम्लात जंतू टिकूच शकत नाही, अशी पूर्वी वैद्यकाची समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, तरी कोणी विश्वास ठेवीना. अखेर त्यांचे सहकारी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जंतूंचे द्रावणच प्राशन केले आणि स्वतःला जठरदाह ओढवून घेतला! १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूची गणना कर्करोगकारक घटकांत केली. दोघा संशोधकांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू बहुधा बालपणीच, घरातल्या घरात, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. पुढे अनेक दशके जठराच्या अस्तराचा मंद दाह चालू राहतो. अस्तर झिजते, आम्ल घटते, एरवी तेथे न टिकणारे इतर जंतूही वस्ती करू लागतात, आणि काही मोजक्यांच्या बाबतीत पेशी कर्करोगाकडे वळतात. बहुसंख्य बाधितांना कर्करोग कधीच होत नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र आईवडील वा भावंडांपैकी कोणाला जठराचा कर्करोग झाला असेल, तर तपासणी अवश्य करावी. ती श्वासाच्या किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते. आम्ल कमी करणारी गोळी त्याआधी दोन आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते, अन्यथा जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

उपचार साधारणतः चौदा दिवसांचा असतो, आणि खरी कसोटी तेथेच लागते. तोंड कडू झाले म्हणून एका आजींनी सहाव्या दिवशीच औषध सोडले. सुनेला वाटले, बरे वाटत असेल. अर्धवट उपचाराने जंतू मरत नाहीत, उलट औषधांना दाद देईनासे होतात. प्रतिजैविकांनी आतड्यातील उपकारक जंतूही काही काळ घटतात. म्हणूनच ती मनाने घेऊ नयेत, आणि घेतली तर अर्धवट सोडू नयेत. औषधांत बिस्मथ असल्यास शौचास काळे होते, ते निरुपद्रवी असते. असे औषध वा लोहाची गोळी चालू नसताना शौचास डांबरासारखे काळे झाले, वजन उतरले, दोन घासांतच पोट भरू लागले किंवा घास अडकू लागला, तर आम्लाच्या गोळीवर दिवस काढू नयेत. दुर्बिणीने जठर तपासून घ्यावे.

औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही, याची पुन्हा तपासणी करावी लागते. ती तारीख घरातील कोणीतरी आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी; बरे वाटू लागले की ही तपासणी हमखास राहून जाते.