जुनी पिकअप आणि घाटाचा चढ

परळी वैजनाथ बालाघाट डोंगररांगेच्या पायथ्याशी, तर अंबाजोगाई वरच्या पठारावर. परळीहून तिकडे माल न्यायचा तर चढ चुकत नाही. राखेच्या विटा, खताची पोती, शेतमाल भरून जुन्या डिझेल पिकअप काळा धूर सोडत या चढावर कण्हताना आपण पाहतो. मालक गॅरेजात जाऊन म्हणतो, "गाडी ओढत नाही, पंप जरा वाढवून द्या." मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवतो. चार दिवस बरे वाटते. मग धूर वाढतो, अ‍ॅव्हरेज घसरते आणि एक दिवस क्लच जळतो. असे का होते? आणि गाडीवर पैसे घालायचेच तर कोणत्या क्रमाने घालावेत? शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या आधारे याचे उत्तर शोधू या.

उदाहरणासाठी सोपे आकडे घेऊ. मालासह गाडीचे वस्तुमान २५०० किलो. चढ असा की, १५ मीटर गेल्यावर १ मीटर उंची वाढते. गुरुत्वामुळे मागे ओढणारे बल २५०० × ९.८ ÷ १५, म्हणजे सुमारे १६३० न्यूटन. टायर आणि रस्ता यांच्या विरोधासाठी ३७० न्यूटन धरू. एकूण २००० न्यूटन. ताशी ३० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. ती येते सुमारे १७ किलोवॅट, म्हणजेच २३ अश्वशक्ती. जुन्या पिकअपच्या धडधाकट इंजिनाची कमाल शक्ती याच्या दुपटीहून जास्त असते!

मग गाडी अडते कुठे? चाकाची त्रिज्या ०.३३ मीटर असेल तर चाकांना ६६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारे परिबल, हवे. इंजिनाचा टॉर्क १२० धरू. मागच्या क्राउन-पिनियनमुळे तो ४.५ पट होतो आणि घर्षणात एक दशांश जातो. टॉप गिअरमध्ये चाकांना मिळतात ४८६. गाडी अडणारच! तिसऱ्या गिअरमध्ये आणखी दीड पट केली की मिळतात ७२९, आणि गाडी चढते. तिसऱ्यातही ती दम टाकत असेल, तर इंजिन आपली मूळ ताकदच देत नाही असा अर्थ होतो. म्हणून ताकद वाढवण्याआधी हरवलेली ताकद परत मिळवणे ही योजनेची पहिली पायरी.

ही ताकद बहुधा हवेच्या किंवा डिझेलच्या वाटेवर हरवते. १ किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. १ लिटर डिझेलचे वस्तुमान सुमारे ८३० ग्रॅम. त्याला १२ किलो हवा हवी. तिचे आकारमान होते सुमारे १० हजार लिटर, म्हणजे २ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच खोलीभर हवा. प्रत्यक्षात याहूनही जास्त द्यावी लागते, कारण सिलिंडरमध्ये दोघांना नीट मिसळायला फार थोडा वेळ मिळतो. एअर फिल्टर धुळीने आणि राखेने बुजला असेल आणि आपण पंप वाढवला, तर जास्तीचे डिझेल अर्धवट जळते. काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन. त्याचे पैसे मालकाने मोजलेले असतात आणि तो जातो मात्र रस्त्यावरच्या मुलांच्या फुप्फुसात.

डिझेलची वाट तर त्याहून नाजूक. पंपातला दांडा आणि त्याची नळी यांत जेमतेम दोन-तीन मायक्रॉनची फट असते. आपला केस त्याच्या वीस-तीस पट जाड असतो. डिझेलमधले पाणी आणि बारीक कचरा हा पृष्ठभाग खरवडतो. नोझल झिजले की डिझेलचे धुके न होता थेंब पडतात. म्हणून टाकी धुणे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवणे, पाइपात हवा शिरत नाही ना ते पाहणे आणि पंप व नोझल चाचणीयंत्रावर तपासून घेणे, ही कामे आधी. गाडी जुनी असली तरी यांतली बरीचशी थोड्या खर्चात होतात.

एवढे करूनही ताकद कमी पडली तर? इंजिनाचा टॉर्क पुढे क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, क्राउन-पिनियन आणि अ‍ॅक्सल अशा साखळीतून जातो. पहिल्या गिअरमध्ये चार पट आणि मागे साडेचार पट, म्हणजे १२० चे २१६० होतात. इंजिनाचा टॉर्क चौथा हिस्सा वाढवला, तर वाढतात फक्त ३०. पण साखळीच्या शेवटी वाढतात ५४०! जो दुवा कच्चा, तो तुटतो. म्हणून क्लच आणि क्रॉस आधी, पंप किंवा टर्बो शेवटी. क्राउन-पिनियनचे प्रमाण ४.५ ऐवजी ५ केले, तर इंजिनाला हात न लावता चाकांना ११ टक्के जास्त टॉर्क मिळतो. मात्र त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही तेवढेच वाढतात. फुकट काहीच मिळत नाही.

आणि ब्रेक? ही गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे २४.५ लाख ज्यूल ऊर्जा सुटते. एवढ्या ऊर्जेने ८ लिटर पाणी उकळीला येईल. खालच्या गिअरमध्ये उतरले तर तिचा काही वाटा इंजिन घेते. नाहीतर तिचा मोठा वाटा ब्रेकमध्येच उष्णता होतो. जास्त ओढणारी गाडी जास्त माल भरते, आणि तोच माल घाट उतरतानाही गाडीत असतो. म्हणून ब्रेक सर्वांच्या आधी.

कायदाही लक्षात ठेवावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील बदलतील असे फेरफार मनाप्रमाणे करता येत नाहीत. इंजिन बदलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणे बरे.

हा हिशोब वर्गात जरूर करून पाहावा. जवळच्या चढाचा उतार पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि टेप घेऊन मोजता येतो, आणि गाडीचे आकडे तिच्या माहितीपुस्तिकेत मिळतात. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी अशी पिकअप असेलच. गॅरेजात पैसे मोजण्याआधी त्याच्या वडिलांना हा कागद दाखवता आला, तर तो धडा कोणीच विसरणार नाही.